छंदाचा रकाना

माझ्या हातून पूर्ण झालेली पहिली कलाकृती म्हणजे माझ्या ताईचा लग्नाचा बायोडाटा. त्याआधी मी सुरू बरंच काही केलं होतं. आमच्या पडेगावच्या घरात बैठकीच्या भिंतीवर निसर्गचित्र काढायला घेतलं. डोंगर झाले आणि झाडांवर यायच्या आत माझा उत्साह संपला. त्यामुळे कित्येक वर्षं आमच्याकडे आलेला माणूस निळ्या डोंगरांखाली बसून चहा प्यायचा. हार्मोनियमच्या क्लासला गेलो, तर दोन महिन्यांनी सरांनी मला प्रेमानं तबल्याच्या क्लासचा पत्ता दिला. तबल्याच्या सरांनी मला चित्रकलेत रस आहे का, असं विचारलं. चारोळ्या मात्र रोज व्हायच्या. त्या वर्षांत चारोळ्यांची साथच आली होती, आणि डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला मी दुसऱ्यांदा बसलो असल्यामुळे आजारी पडायला माझ्याकडे वेळ भरपूर होता.

शिवाय मला विणकाम येत होतं. हे आज पन्नाशी ओलांडल्यावर सांगतोय; तेव्हा कुणी मारून विचारलं असतं तरी सांगितलं नसतं. सहावीत पाय मोडला, दीड महिना प्लास्टर होतं, आणि माझी कटकट थांबावी म्हणून आईनं हातात क्रोशाची सुई दिली. पाय बरा झाला, सुई काही सुटली नाही. दारावरचं मण्यांचं तोरण, टीव्हीवरचा लोकरीचा रुमाल, देव्हाऱ्यातलं आसन, सगळं माझं काम होतं. बाहेर मात्र ते ताईच्या नावावर खपायचं. पोराच्या हातात क्रोशा दिसला असता तर गल्लीनं मला जगू दिलं नसतं, आणि ताईला असल्या गोष्टींचं काही पडलेलं नव्हतं.

ताईला पडलेलं होतं ते एकाच गोष्टीचं. छावणीतल्या एका सुभेदारांची बदली झाली, त्यांनी सामान विकायला काढलं. वडील तिथं लोखंडी कपाट बघायला गेले आणि कपाटाबरोबर टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेमही घेऊन आले. आणला होता माझ्यासाठी. दोन रिमोट, लांबलचक वायरी आणि एक पिवळी कॅसेट. मला त्याचा चार दिवसांत कंटाळा आला, कारण मी हरायचो. ताई बसली ती बसलीच. त्यात रणगाड्यांचा एक खेळ होता. पडद्याच्या तळाशी विटांच्या कुंपणात एक छोटंसं घर, वरून शत्रूचे रणगाडे येणार, आणि आपण आपला एकच रणगाडा घेऊन ते घर राखायचं. ताई तेव्हा बी.ए. झालेली, एरवी चार शब्दांच्या जागी दोन बोलणारी. पण रिमोट हातात आला की तिचा चेहरा वेगळाच व्हायचा. ओठ मिटलेले, डोळे अगदी शांत, फक्त अंगठे चालू. त्या अंगठ्यांना घट्टे पडले होते. मी जोडीला दुसरा रिमोट घेऊन बसलो, तर पहिल्याच मिनिटात मरायचो आणि मरण्याआधी बहुतेक वेळा आपलंच घर उडवून ठेवायचो. ती पडद्यावरची नजर न काढता म्हणायची, "येड्या, बाजूला हो तू."

घरात कुणी पाहुणा आला की आई पहिलं काम काय करायची, तर त्या गेमवर पदर ओढावा तसा टॉवेल टाकायची. लग्नाच्या पोरीनं बंदुका उडवत बसणं तिला बरं वाटत नव्हतं. टॉवेलवरचं भरतकाम माझं होतं.

तर बायोडाटा. मी तो कट निबच्या पेननं, चार दिवस खपून तयार केला. चारी बाजूंनी वेलबुट्टी, वर एका रेषेतला गणपती, कोपऱ्यात दोन कलश. त्यातला एक जरा तांब्यासारखा झाला होता. नाव, उंची, शिक्षण, मामाचं गाव, शेती किती, सगळं लिहून झालं आणि शेवटी रकाना उरला छंदाचा. मी ताईला विचारलं, "छंद काय लिहू?" ती शेवटच्या तीन रणगाड्यांच्या मागं होती. म्हणाली, "लिही काहीतरी."

मी लिहिलं: विणकाम, भरतकाम, रांगोळी, गायन, काव्यलेखन.

आता वाचताना कुणाच्याही लक्षात येईल की हे पाचही छंद माझे होते. माझ्या तेव्हा लक्षात आलं नव्हतं, असं नाही. पण मला वाटलं, रकाना तीन इंचांचा आहे, 'व्हिडिओ गेम' एवढाच शब्द लिहिला तर डिझाइनमध्ये उजवीकडे मोकळी जागा पडेल.

तो बायोडाटा फिरत फिरत फुलंब्रीच्या एका घरात पोचला. घर शेतकऱ्याचं, जमीन चांगली, मुलगा वाळूजच्या कंपनीत नोकरीला, रोज एसटीनं येऊन-जाऊन करणारा. मंडळी ताईला बघायला आली. मुलाची आई, म्हणजे ताईच्या पुढं सासूबाई झालेल्या, बारीक नजरेच्या बाई होत्या. पोहे बाजूला ठेवून त्यांनी बायोडाटा चष्म्याजवळ नेला आणि विचारलं, "विणकाम येतं म्हनं पोरीला?"

ताईनं माझ्याकडे बघितलं. आई उठली आणि दारावरचं तोरण हुकासकट काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. "हे बघा की. हिच्याच हातचं."

त्यांनी तोरण उलटं केलं. जाणकार बाई काम मागच्या बाजूनं बघते, हे तेव्हा मला माहीत होतं, म्हणून मी श्वास रोखून उभा राहिलो. मागच्या बाजूला एकही गाठ दिसत नव्हती. "काम लई साफ हाय," त्या म्हणाल्या. हातात पाण्याचा ट्रे धरून मी एवढा फुललो की ट्रेमधलं पाणी मुलाच्या वडिलांच्या धोतरावर गेलं. लग्न ठरलं.

आणि लग्न म्हटलं की रुखवत आलं. नवरीनं स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू मांडवात टेबलावर मांडायच्या, प्रत्येक वस्तूपुढं चार ओळींची कविता लिहिलेली पाटी लावायची, आणि सासरच्या बायांनी फिरून फिरून त्या बघायच्या. नवरीला काय काय येतं, हे एका टेबलात समजावं, अशी ती सोय. आमच्या नवरीला सुईत दोरा ओवता येत नव्हता. आई घाबरली. म्हणाली, विकत आणू. मी छाती पुढं काढून म्हणालो, "मी हाय ना."

दोन महिने मी राबलो. वडील ऑफिसला गेले की दार लावायचं, आई ओट्यावर बसून पहारा द्यायची, आणि मी आत सुपाऱ्यांचे वऱ्हाडी रंगवत बसायचो. सुपारीचा नवरा, सुपारीची नवरी, सुपारीचे वाजंत्रीवाले, त्यांच्या गळ्यात टिकल्यांचे हार. मोत्यांचा गणपती, काड्यापेट्यांचा बंगला, लोकरीची परडी. गुलमंडीजवळच्या मण्यांच्या दुकानातले चाचा मला ओळखू लागले. मी दर वेळी 'बहन के लिए' म्हणायचो. एकदा त्यांनी पुडी बांधता बांधता माझ्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले, "मियाँ, शादी बहन की सही, पर उंगलियाँ तो तुम्हारीच छिली वी हैं." मी तिथून पळालो आणि पुढचे मणी दुसऱ्या दुकानातून आणले.

मधला मान मी आमच्या शहरातल्या प्रसिद्ध मकबऱ्याच्या थर्माकोलच्या प्रतिकृतीसाठी राखला होता. चार मिनार, मोठा घुमट, खाली कारंजं, आत लाल झिरोचा बल्ब. दीड महिन्यांचं काम. लग्नाच्या सकाळी मी तो मांडला, बल्ब लावला, चार पावलं मागं सरून डोळे भरून बघत होतो, तेवढ्यात आमच्या आत्या आल्या.

"अरं, लग्नाच्या मांडवात कबर मांडतोस व्हय?"

मी म्हणालो, "आत्या, मुलानं आईसाठी बांधलेला आहे तो."

"मग तू बी तुझ्या आईपुढं मांड. नवरीपुढं कशाला?"

आई शेजारीच उभी होती, ती दचकून दोन पावलं मागं झाली. मकबरा कार्यालयाच्या भटारखान्यात, गॅसच्या टाक्यांमागं गेला. संध्याकाळी बघितला तेव्हा त्याच्या घुमटावर कुणीतरी झारा टेकवून ठेवलेला होता.

बाकी टेबल मात्र गाजलं. चारोळ्या मीच केल्या होत्या, रंगीत कार्डांवर मीच लिहिल्या होत्या. तोरणापुढची मला आजही पाठ आहे, विसरायचा प्रयत्न करूनही:

मणी मणी ओवून केलं हे तोरण,
गुणी सून आली, याला काय कारण?
आईची शिकवण, लेकीची बोटं,
सासरच्या माणसांचं मन असो मोठं.

'याला काय कारण' याचा अर्थ मलाही ठाऊक नव्हता. तोरणाला जोडी हवी होती. शेवटच्या ओळीवर वरपक्षाकडची एक काकू बराच वेळ थांबली आणि तिनं विचारलं, "म्हंजी सध्या ल्हान हाय का?" पण एकंदरीत कौतुक झालं. अडचण एवढीच झाली की मला राहवलं नव्हतं आणि प्रत्येक कार्डाच्या खाली मी बारीक अक्षरांत माझं टोपणनाव घातलं होतं. ते काय होतं ते सांगत नाही, लाज वाटते. बाया विचारू लागल्या, हे कोण? ताईनं शालूचा पदर सावरत शांतपणे सांगितलं, "मीच." टोपणनाव गेलं ते कायमचं तिच्याकडे गेलं.

त्याच लग्नात मी स्वतः रचलेल्या आठ मंगलाष्टका स्वतःच म्हणणार होतो. तिसऱ्या कडव्याला मी वरच्या पट्टीत गेलो आणि तिथंच अडकलो. गुरुजींनी मुहूर्त जवळ आल्याचं सांगून माईक घेतला. अक्षता नवरा-नवरीवर टाकायच्या असतात, पण त्या दिवशी बऱ्याचशा माझ्या दिशेनं आल्या.

एक गोष्ट मात्र मी त्या गडबडीत बघितली आणि तरी बघितली नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी ताईनं व्हिडिओ गेमच्या वायरी नीट गुंडाळल्या, दोन्ही रिमोट पुसले, सगळं एका जुन्या चादरीत बांधलं आणि लोखंडी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं. मला आनंद झाला, कारण टीव्हीसमोरची जागा मोकळी झाली आणि तिथं माझं थर्माकोल मावलं.

ताई फुलंब्रीला गेली आणि तिची कीर्ती तिच्याआधी पोचलेली होती. महिन्याभरात दाजींच्या डब्याच्या पिशवीतून चिठ्ठ्या यायला लागल्या. शेजारच्या बाळाच्या बारशाला झबलं हवंय. गल्लीतल्या एका लग्नात पाट्या लावायच्यात, नवरदेव कंपाउंडर आहे, चार ओळी पाठव. मी पाठवायचो. वस्तू कागदात गुंडाळून दाजींच्या हाती द्यायचो. माहेराहून आलेला खाऊ समजून ते बिचारे सांभाळून न्यायचे. तिकडे ताईनं ते दोन दिवस ट्रंकेत ठेवायचं आणि मग आत्ताच झालं म्हणून बाहेर काढायचं. पुढं तिथल्या महिला मंडळानं तिला कविता वाचायला बोलावलं. तिनं माझ्या कविता वाचल्या. तिला शाल आणि नारळ मिळाला. शाल तिच्या सासूबाईंनी ठेवली, नारळ आमच्याकडे आला आणि त्याच्या वड्या मी खाल्ल्या. खरं सांगतो, मला हेवा वाटला. बायोडाट्यात खोटं लिहिणारा मी, आणि शाल तिला मिळाली म्हणून जळणारा पण मीच.

दिवाळीला ताई माहेरी आली तेव्हा वाळली होती. भाऊबीज झाल्यावर ती मला म्हणाली, "बंद करूया हे."

"का? चांगलं चाललंय की."

"तुझं चाललंय," ती म्हणाली. "मला तिथं कुणी हाक मारली तरी धस्स होतं. वाटतं, आता कुणीतरी सुई हातात देतंय. मी खोटी आहे हे कळलं तर त्या घरात माझं काय राहील रे? सासूबाई खोट्याला लई वाईट. एकदा मनातून उतरले की झालं."

तिच्या नणंदेचं लग्न ठरलेलं होतं, आणि रुखवताची सगळी जबाबदारी अर्थातच हौशी वहिनीवर होती. माझ्या डोक्यात तेव्हा नव्या गणपतीचं डिझाइन तयार होतं, आधीच्यापेक्षा दुप्पट मोठं. मी तिला म्हणालो, "एवढं नणंदेचं होऊ दे. मग बघू." ती उठून कपाटाकडे गेली, वरच्या फळीकडे बघून परत आली. मी कागदावर सोंड काढत होतो.

नणंदेच्या लग्नाला आठ दिवस उरले तेव्हा मी शेवटचं खोकं घेऊन स्वतः फुलंब्रीला गेलो. सामान नाजूक होतं, दाजींवर भरवसा नव्हता, आणि खरं कारण म्हणजे मला कौतुक ऐकायचं होतं. ताईनं खोकं खाऊचं म्हणून आत नेऊन उघडलं. घरात गल्लीतल्या सात-आठ बाया शेवया करायला जमल्या होत्या. सासूबाईंनी बाजेवर धुतलेली चादर अंथरली आणि ताईनं आदल्या दिवशीपर्यंत 'केलेल्या' वस्तू एकेक करून मांडल्या. मला चिवड्याची बशी मिळाली. मी सुनेच्या माहेरचा पाहुणा, बाजेजवळ खुर्ची टाकून बसलेलो. बाया वस्तू बघून हळहळत होत्या, की एवढी गुणाची सून आपल्याला का मिळाली नाही. मी चिवडा खात होतो आणि नम्र दिसायचा प्रयत्न करत होतो.

मोत्यांच्या गणपतीला कुणीतरी उचललं आणि त्याच्या सोंडेचे मोती टपटप खाली पडले. एसटीच्या धक्क्यांनी दोरा तुटला होता.

"आगं बया," सासूबाई म्हणाल्या. "सूनबाई, वाटच लागली की. घे, एवढं ओवून टाक." आणि त्यांनी सुई आणि दोरा ताईच्या हातात दिला.

ताईनं दोरा तोंडात ओला केला. सुईचं भोक डोळ्यासमोर धरलं. दोरा भोकाच्या बाजूनं गेला. पुन्हा गेला. तिसऱ्या वेळी ओवला गेला. मग तिनं मोती घेतला आणि सुई सोंडेच्या आतल्या बाजूनं घालायच्या ऐवजी बाहेरून घातली. सगळ्या बाया बघत होत्या. मला खरं म्हणजे काय करायला हवं होतं? खोकला काढायचा, पाणी मागायचं, बशी पाडायची, काहीही. पण दोरा एकेरी होता. मोत्यांच्या कामाला एकेरी दोरा! मला ते बघवेना.

"अगं, दुहेरी घे की," मी म्हणालो, बशी खाली ठेवली, आणि सुई तिच्या हातातून घेतली. दोरा दुहेरी केला, वेगळं मेण नव्हतं म्हणून लाइट गेल्यावर लावायच्या मेणबत्तीवर घासला, गाठ आत दडवली, एक मोती सोडून एक मोती घेत सोंड वर नेली. नेताना सांगतही होतो, "इथं ताण ठेवायचा, इथं सैल सोडायचा, नाहीतर वळण बसत नाही." सोंड पूर्ण झाली. मी गणपती वर धरला आणि हसत सगळ्यांकडे बघितलं.

कुणीच हसत नव्हतं. शेवयांचं पीठ मळणारे हातही थांबले होते.

सासूबाईंनी गणपती माझ्या हातातून घेतला, उलटा केला, मागची बाजू बघितली. मग माझी बोटं बघितली. "पाव्हनं," त्या म्हणाल्या, "ते दारावरचं तोरन बी तुम्हीच केल्तं?"

मी खाली ठेवलेली चिवड्याची बशी पुन्हा उचलली. उत्तर ताईनं दिलं. "व्हय, आत्याबाई. सगळं त्यानंच केलंय. कविता बी त्याच्याच. मला यातलं काय बी येत नाय."

ती सरळ त्यांच्याकडे बघत बोलली. मान खाली गेली नाही. मला वाटलं जमिनीनं मला पोटात घ्यावं. एका वर्षाचा तिचा सगळा मान मी एका सोंडेपायी घालवला होता.

सासूबाईंनी गणपती सावकाश चादरीवर परत ठेवला. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांनी विचारलं, "मग तुला काय येतं?"

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. ताईनं माझ्याकडे बघितलं. मला तेव्हा कळलं की हा प्रश्न तिला आजवर कुणीही विचारलेला नाही. आईनं नाही, वडिलांनी नाही. मी विचारला होता, हातात कट निबचा पेन घेऊन, आणि खऱ्या उत्तराची वाट न बघता रकाना भरून टाकला होता.

"व्हिडिओ गेम," मी म्हणालो. "तिला व्हिडिओ गेम येतो. आमच्या गल्लीत तिला हरवणारा कुणी नव्हता."

बाया खदाखदा हसल्या. एकीनं पदर तोंडात घातला. ताईचे कान लाल झाले. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

"खरं का?" त्यांनी ताईला विचारलं.

"व्हय."

"आता मी कुनाचंच ऐकून खरं मानायची नाय," त्या म्हणाल्या. "उद्या ते यंत्र घिऊन या, पाव्हनं. डोळ्यानं बघते. मग या वस्तूंचं काय करायचं ते ठरवू."

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या एसटीनं ते चादरीतलं गाठोडं घेऊन फुलंब्रीला उतरलो. वाटेत इतकी भीती मला डिप्लोमाच्या कुठल्याही पेपरला वाटली नव्हती. वर्षभर कपाटात पडलेला गेम, चालला नाही तर? आणि चालला, पण ताईचाच हात राहिलेला नसला तर? दाजींनी कंपनीला दांडी मारली होती. त्यांनी वायरी जोडल्या. वर्षभर आपण खाऊ समजून काय वाहिलं ते कळल्यापासून बायकोकडे बघायचं धाडस त्यांना अजून होत नव्हतं. शेवयांच्या कामाला आदल्या दिवशी आठ बाया होत्या, आज पंधरा होत्या. लाइट दुपारी जायची, त्याच्या आत उरकायचं होतं.

ताई टीव्हीसमोर मांडी घालून बसली. मी सवयीनं दुसरा रिमोट उचलला.

"ठिवा ते," सासूबाई म्हणाल्या. "पाव्हनं, तुम्ही हिकडं या. भिंतीला टेका. दोनी हात गुडघ्यावर ठिवा, मला दिसतील असे. हलवायचे नायत." आणि एवढ्यावर न थांबता त्यांनी दुसऱ्या रिमोटची वायर हातानं चाचपत टीव्हीपर्यंत नेली आणि उपटून काढली.

मी भिंतीला टेकून, पोरं शाळेत बसतात तसा बसलो.

खेळ सुरू झाला. पहिला रणगाडा आला आणि ताईचा अंगठा चुकला. बायांमध्ये कुजबुज झाली. दुसरा आला, तो कसाबसा उडवला. कुंपणाच्या दोन विटा गेल्या. मग हळूहळू तिचे ओठ मिटले. डोळे शांत झाले. मी वर्षभर तो चेहरा बघितला नव्हता, आणि बघितला नव्हता हेसुद्धा मला माहीत नव्हतं. ती डावीकडून आलेला टिपायची आणि तो फुटायच्या आत उजवीकडे वळलेली असायची. एक पडदा संपला, दुसरा संपला, पाचवा, नववा. मला रडू येत होतं, आणि हात गुडघ्यावर असल्यामुळे डोळे पुसता येत नव्हते.

सासूबाई आधी तिच्या पाठीमागं उभ्या होत्या, मग टेकल्या, मग पुढं सरकत सरकत तिच्या खांद्याला खांदा लावून बसल्या. "घर कोन्तं आपलं? हे व्हय?" त्यांनी विचारलं. ताईनं नुसती मान हलवली. "मागून आला! सूनबाई, मागून आला बघ! हान त्याला!" त्या ओरडल्या, आणि ताईनं हाणला.

लाइट गेली तेव्हा ताई एकविसाव्या पडद्यावर होती आणि पहिल्या पडद्यानंतर कुंपणाची एकही वीट पडलेली नव्हती. टीव्ही काळा झाला. सगळ्या बाया एकदम हळहळल्या. ताईनं रिमोट खाली ठेवला. सासूबाईंनी तिचा हात हातात घेतला, उलटा केला, आणि अंगठ्यावरचा जुना घट्टा स्वतःच्या बोटानं दाबून बघितला. मग चादर घेऊन गेमवर घालणाऱ्या दाजींना म्हणाल्या, "झाकतोस कशाला? लाइट आली की हाय अजून."

नणंदेच्या लग्नात रुखवत मांडलं गेलं. पाट्या मला नव्यानं लिहायला लावल्या, वस्तू वहिनीच्या भावानं केल्या असं स्पष्ट घालून. ते वाचून दोन्हीकडचे बाप्ये मला बघून जे हसले, ते मी अजून विसरलेलो नाही. तेवढी शिक्षा माझी होतीच. गेमसाठीही चार ओळी सुचल्या होत्या, त्या ताईला दाखवल्या. तिनं वाचल्या, घडी करून मला परत दिल्या आणि म्हणाली, "याला नको लावू काही."

पण मला त्या खेळाच्या दुपारचं शेवटचं आठवतं ते वेगळंच. बाया पांगत होत्या. दारात एक म्हातारी उशिरा आली, तिनं विचारलं, एवढा गलका कसला होता. सासूबाईंनी ताईकडे बोट दाखवलं आणि कोर्टात साक्ष द्यावी तशा ठणठणीत आवाजात सांगितलं, "माजी सून खेळली. हे तिचं सोताचं हाय. मी बघितलं ना. भाऊ पार शेवटपातूर हात गुडघ्यावर ठिवून बसला व्हता."